चार फुटी प्रवाळ-टाकीची नळजोडणी: आधी वीज गेल्यावरचे पाणी मोजा

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत ४ × २ × २ फुटांची खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी बसवायची आहे, तिच्या खाली स्टँडमध्ये ३ फुटी सम्प ठेवायचा आहे, आणि पंप, स्किमर (फेसासोबत घाण काढणारे उपकरण) व पाइप यांपैकी आधी काय घ्यावे हे ठरत नाही, असा आपला प्रश्न आहे. मी अकरा वर्षे अशा टाक्या सांभाळतो आहे. पहिली तीन फुटी होती, आताची साधारण आपल्याच मापाची आहे. माझे उत्तर असे की यांपैकी काहीही घेण्याआधी वही-पेन्सिल घ्यावी आणि वीज गेल्यावर कोणते पाणी कुठे जाऊन थांबेल याचे गणित मांडावे. पंप केवढा, सम्पचे कप्पे पाडणाऱ्या आडव्या काचा किती उंच, परतीच्या (पंपाचे पाणी टाकीत सोडणाऱ्या) नळीचे तोंड कुठे, ही सारी मापे त्या गणितातूनच निघतात. (सम्प म्हणजे टाकीखालची ती दुसरी टाकी. मराठीत लिहिताना कामगारांचा संप आठवतो, पण आमच्या छंदात हाच शब्द रुळला आहे.)

गणित सोपे आहे. १२ मि.मी. काच धरली तर आपल्या टाकीत पाण्याची पातळी १ सें.मी. खाली आली की सुमारे ७ लिटर पाणी खाली उतरते. ९० × ४५ सें.मी.च्या सम्पमध्ये तेवढ्याच १ सें.मी.ला पावणेचार लिटर मावतात. म्हणजे वरचा एक सेंटिमीटर खाली जवळपास दोन होतो. पंप चालू असताना वरचे पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यासाठी टाकीत असलेल्या पेटीच्या, कडेवरून खाली पडते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, कडेवरचे जादा पाणी उतरते आणि त्याच वेळी परतीची नळी सायफन होऊन टाकीतले पाणी उलटे खाली ओढू लागते. तिचे तोंड पाण्याबाहेर उघडे पडेपर्यंत हे ओढणे थांबत नाही. तोंड पृष्ठभागाच्या ३ सें.मी. खाली असेल तर २१ लिटर उतरतील, ओव्हरफ्लोच्या पेटीतले आणि पाइपमधले आणखी पाचेक लिटर धरा, म्हणजे सम्पमध्ये ७ सें.मी. वाढ होईल. तेच तोंड, शोभा म्हणून किंवा प्रवाह खालून मिळावा म्हणून, १५ सें.मी. खाली ठेवले तर ११० लिटर येतील. ४० सें.मी. उंच सम्पमध्ये चालू पातळी २३ सें.मी. असेल तर त्यातले ६५ लिटर मावतील आणि उरलेले ४५ लिटर मिठाचे पाणी आपल्या फरशीवरून खालच्या घराच्या छताकडे जाईल.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. पहिल्या टाकीत परतीची नळी १२ सें.मी. खोल होती आणि सायफन तुटावा म्हणून मी पृष्ठभागाच्या जरा खाली तिला एक बारीक भोक पाडले होते. पहिले वर्षभर भोकाने काम चोख केले. मग त्यावर जांभळट चुनखडी शेवाळ चढले, आणि एका पावसाळी पहाटे वीज गेली तेव्हा ते भोक पार बुजलेले होते. पाऊणतासात अठ्ठावीसेक लिटर पाणी हॉलभर पसरले. खालच्या काकूंनी सकाळी सातला बेल वाजवली. त्या रागावल्या नव्हत्या, हातात फक्त त्यांच्या पंख्याचा भिजलेला कॅनपी होता. तेव्हापासून मी भोकावर विसंबत नाही आणि पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर त्याहूनही नाही, कारण त्याच्या झडपेत वाळूचा एक कण किंवा गोगलगाईचे एक पिल्लू अडकले तरी ती पुरती मिटत नाही. परतीच्या नळीचे तोंडच उथळ ठेवावे. खालचा प्रवाह वेव्हमेकरकडून, म्हणजे टाकीच्या आत पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाकडून, घ्यावा, ते त्याचेच काम आहे.

उलट बाजूचे गणितही करावे. उतरणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला तर सम्पच्या शेवटच्या, पंप बसतो त्या, कप्प्यातले सगळे पाणी वर जाईल. तो कप्पा २५ सें.मी. रुंद आणि पाणी १८ सें.मी. खोल असेल तर हे सुमारे १९ लिटर होते, म्हणजे वरच्या टाकीत पावणेतीन सेंटिमीटर. त्यात आटेल तेवढे गोडे पाणी आपोआप भरणारे यंत्र, ज्याला सगळे एटीओ म्हणतात, ते कप्पा रिकामा दिसला म्हणून आपली बादलीही त्यात ओतणार. म्हणून ओव्हरफ्लोची कड टाकीच्या काठाच्या निदान ६ सें.मी. खाली कापून घ्यावी आणि एटीओची टाकी २० लिटरांहून मोठी ठेवू नये. आपल्या संचात एकूण ४३० लिटर पाणी असेल. त्यात चुकून २० लिटर गोडे पाणी गेले तर क्षारता हजारी ३५ वरून साधारण ३३.४ वर येईल, ते प्रवाळ सोसतात. १०० लिटरांचा पिंप जोडलेला असेल तर मात्र सोसवणार नाही. एटीओच्या नळीचे तोंडही पाण्याच्या वर, हवेत असावे, नाहीतर तिचाच सायफन होतो.

उतरत्या पाइपांसाठी आपल्याला तिसऱ्या मजल्यावर राहायचे आहे म्हणून मी तीन पाइपांची, बीनॲनिमल नावाने ओळखली जाणारी रचना सुचवतो. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून सायफनसारखा वाहतो आणि त्याच्या खालच्या टोकाजवळचा व्हॉल्व्ह थोडा आवळून त्याचा वेग जुळवायचा असतो. दुसऱ्यातून थोडेसे पाणी भिंतीला धरून हवेसोबत उतरते. तिसरा कोरडा असतो आणि पहिले दोन्ही तुंबले तरच जागा होतो. तिसऱ्याने एकट्याने सगळा प्रवाह वाहून नेला पाहिजे, म्हणून तो निदान सव्वा इंची घ्यावा. पहिल्याला १ इंच पुरतो. एक बारकावा मला फार उशिरा कळला: सायफन पाइपचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात फक्त २ ते ३ सें.मी. बुडवावे. जास्त खोल बुडवले तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर रेटली जात नाही, सायफन धरत नाही, आणि तुम्ही ऑफिसात असताना तो कोरडा पाइप दिवसभर घळघळत राहतो.

सामान घेताना नळाच्या दुकानात तीन जातींचे पाइप दिसतील आणि दुकानदार तिन्हींना पीव्हीसी म्हणेल. शेतीचा पीव्हीसी मिलिमीटरच्या बाहेरील मापाने येतो, घरगुती यूपीव्हीसी इंची मापाने, आणि पिवळट सीपीव्हीसी त्याच इंची नावाने पण त्याहून बारीक येतो. एकाचे फिटिंग दुसऱ्याला बसत नाही, बसल्यासारखे वाटले तर ते गळते. यूपीव्हीसी धरावे आणि एल्बो, टी, युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) सगळे एकाच कंपनीचे घ्यावे. परदेशी ओव्हरफ्लोसोबत आलेले टँक निपल (काचेच्या भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) कोणत्या मापाचे आहे हे पाइपचा तुकडा सोबत नेऊन दुकानातच जुळवून पाहावे. ज्या आट्याच्या फिटिंगमध्ये आत पितळेची बांगडी असते ते मुळीच घेऊ नये, कारण पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात सुटते आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना ते अत्यल्प मात्रेतही विषारी असते. याच कारणाने नळाच्या दुकानातला गेट व्हॉल्व्हही चालत नाही, तो बहुधा पितळी किंवा गनमेटलचा असतो. प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह मत्स्यालयाच्या दुकानातून मागवावा लागेल. महाग आहे, पण बॉल व्हॉल्व्हने सायफन जुळवणे म्हणजे केसभर फिरवायचे आणि बोटभर फिरायचे. टँक निपलची रबरी चकती पाण्याच्या बाजूला बसवावी, एका काटकोनी एल्बोऐवजी जागा असेल तिथे ४५ अंशांचे दोन लावावेत, आणि पंपाजवळ युनियन ठेवावे, म्हणजे सफाईच्या दिवशी करवत शोधावी लागणार नाही. काचेला भोक टाकी बांधतानाच पाडून घ्यावे. टफन केलेल्या काचेला ते नंतर पाडता येत नाही.

आता पंप. सम्पमधून ताशी टाकीच्या चार-पाचपट पाणी फिरले की पुरे, म्हणजे आपल्याला ताशी १,६०० ते २,००० लिटर. खोक्यावरचा आकडा उंची शून्य असतानाचा असतो. आपल्याला पाणी दीड मीटर चढवायचे आहे, म्हणून खोक्यावर ४,००० च्या आसपास आणि कमाल उंची ३ मीटर किंवा अधिक असलेला, वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप घ्यावा. मोठा पंप घेऊन व्हॉल्व्हने गळा दाबण्यात फक्त वीज आणि उष्णता वाढते.

गाळण्याच्या उपकरणांत मी खर्च स्किमरवर करीन. तो बारीक बुडबुड्यांना चिकटणारी सेंद्रिय घाण फेसासोबत पेल्यात काढतो, म्हणजे ती कुजून नायट्रेट होण्याआधीच पाण्याबाहेर जाते. त्याला पाण्याची पातळी स्थिर लागते, म्हणून सम्पमधील त्याच्या कप्प्याच्या काचेची उंची स्किमरच्या पुस्तिकेतील खोलीवरून ठरवावी, सहसा ती १८ ते २३ सें.मी. असते. म्हणजे सम्प बांधायला टाकण्याआधी स्किमर ठरलेला हवा. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जीवाणू खडकाच्या छिद्रांत राहतात, त्यांच्यासाठी वेगळे बायोबॉल (प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे) लागत नाहीत. फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, लावलात तर तीन-चार दिवसांनी धुवावा लागेल, धुणार नसाल तर लावूच नका. कार्बन, फॉस्फेटचे रिॲक्टर, शैवालाचा कप्पा हे सहा महिन्यांनंतरचे विषय आहेत. आज फक्त परतीच्या पाइपवर एक टी आणि बंद व्हॉल्व्ह जादा ठेवावा.

खडक कोरडा किंवा कृत्रिम घ्यावा. पाषाणी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरचा तुकडा पिशवीत घालण्याचा मोह टाळावा, आणि प्रवाळ घेताना विक्रेत्याकडे कागदपत्रे मागावीत.

स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालत नाही, कारण चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. आरओच्या पडद्यानंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) टप्पा असलेला वेगळा संच लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य येईपर्यंत गाळावे. पहिल्या भरणीला १५-१६ किलो मीठ लागेल. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी २७ अंशांच्या आत ठेवणे हा स्वतंत्र खर्च आहे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने पृष्ठभागावर पंखे लावून दोन-तीन अंश उतरतात, मुंबईच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत. पण पंख्याने बाष्पीभवन वाढते आणि एटीओची २० लिटरांची टाकी दोन-तीन दिवसांत संपते. पाणी थंड करणारा चिलर घेतलात तर तो बाल्कनीत ठेवावा, स्टँडमध्ये ठेवला तर स्वतःच तापवलेल्या हवेत तो स्वतःच झगडत राहतो.

वजनाचेही सांगून ठेवतो. पाणी, काच, खडक, सम्प आणि स्टँड मिळून सातशे किलोंच्या घरात जातात आणि ते पाऊण चौरस मीटरवर उभे राहतात. निवासी खोलीसाठी भारतीय मानकातला भार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो आहे. तो पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात हे खरे, तरी टाकी तुळईजवळ भिंतीला लागून ठेवावी आणि इमारतीचा नकाशा पाहून अभियंत्याचा शब्द घ्यावा. विजेच्या जोडणीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून ठिबकेल. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर ठेवला तरी रात्रभराची सोय होते. परतीचा पंप त्यावर नको.

जोडणी झाली की मीठ घालण्याआधी आठवडाभर साधे पाणी फिरवावे. एकदा मेन स्विच बंद करावा, सम्पचे पाणी चढून थांबले की तिथे काचेवर लाल टेप लावावी, मग पुन्हा सुरू करून चालू पातळीला निळी लावावी. नंतर सायफन पाइपच्या तोंडाला ओला फडका कोंबून बघावे की दुसरा-तिसरा पाइप काय करतो, आणि मग पहिल्या दोन्ही पाइपांना कोंबून बघावे की पाणी काठाच्या किती खाली थांबते. माझ्या सम्पवर त्या दोन टेपा अजून आहेत, आणि दर महिन्याला एकदा मी भर दिवसा स्विच बंद करून पाणी लाल टेपेच्या खाली थांबते ना, ते पाहतो.