लपलेल्या लक्ष्याचा शोध आणि गणिताच्या विद्यार्थिनीची पुढची वाट

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मिळाले. तू लातूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित घेऊन शिकत आहेस. हाती नकाशा नसलेल्या यंत्रमानवाने लपलेले लक्ष्य कसे शोधावे, हा प्रश्न विभागातील एका व्याख्यानात तुझ्या कानावर पडला आणि तेव्हापासून तो तुझ्या डोक्यातून जात नाही. वडिलांना मात्र तू एम.सी.ए. करून लवकर नोकरीला लागावेस असे वाटते. या विषयात करिअर होते का, आणि इंजिनिअरिंगला न गेल्यामुळे ती वाट बंद झाली का, असे तू विचारले आहेस.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. वाट बंद झालेली नाही, कारण हा विषय पायापासून गणिताचाच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी या विषयातले काम प्रत्यक्षात कसे असते, हे तुला नीट कळले पाहिजे.

सर्वांत साधे उदाहरण घे. लांबच लांब भिंतीसमोर तू उभी आहेस. भिंतीत एक दार आहे, पण ते डावीकडे की उजवीकडे आणि किती अंतरावर, हे तुला माहीत नाही. ते किमान 1 मीटर दूर आहे आणि त्याच्यापाशी पोहोचल्यावरच ते दिसेल, एवढेच ठाऊक आहे. उजवीकडून सुरुवात करून, दर खेपेला एकेक मीटर वाढवत आलटून पालटून दोन्ही बाजूंना गेलीस आणि दार उजवीकडे 100 मीटरवर असले, तर तुला एकूण 10200 मीटर चालावे लागेल. त्याऐवजी 1, 2, 4, 8 असे दर खेपेला अंतर दुप्पट करत गेलीस, तर तेच दार 610 मीटरमध्ये सापडेल. दार कुठेही असो, दुपटीच्या या रीतीने एकूण चाल त्याच्या खऱ्या अंतराच्या 9 पटींच्या आतच राहते, आणि भूमितीय श्रेढीची बेरीज येणाऱ्या कोणालाही हे पडताळून पाहता येते. या पटीला स्पर्धात्मक गुणोत्तर म्हणतात, आणि माहिती पुढे सरकत जाईल तसतशी हाती येते अशा प्रश्नांत अल्गोरिदमची, म्हणजे उत्तर काढण्याच्या ठरावीक रीतीची, परीक्षा बहुधा याच मापाने होते.

खरे काम याच्या पुढे सुरू होते. चाल आधीच ठरवून दिलेली असेल, तर जगातली कोणतीही रीत घेतली तरी 9 पेक्षा कमी पटीची हमी देता येत नाही, हे सिद्ध करावे लागते. गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी 1963 मध्ये आणि अनातोल बेक यांनी 1964 मध्ये या प्रश्नाची मांडणी केली. पुढे संगणकशास्त्रज्ञ बाएझा-येट्स, कल्बर्सन आणि रॉलिन्स यांनी तो अनेक वाटा फुटणाऱ्या ठिकाणापर्यंत आणि सपाट प्रतलापर्यंत नेला. चालीत नाणेफेकीचा उपयोग केला, तर सरासरी गुणोत्तर सुमारे 4.59 पर्यंत खाली येते, हेही नंतर दाखवले गेले. रोल्फ क्लाइन यांनी 1992 मध्ये रस्त्यासारख्या विशिष्ट बहुभुजाकृतींचा विचार केला. अशा आकृतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या, उभ्या जागेवरून दिसेल तेवढेच पाहू शकणाऱ्या यंत्रमानवाला सर्वांत जवळच्या वाटेच्या √2 पटीत लक्ष्य गाठता येते आणि याहून चांगली हमी अशक्य आहे, हे पुढे पूर्णपणे सिद्ध झाले.

माझ्या अनुभवात, दुपटीची युक्ती ऐकून अनेक विद्यार्थी हरखून जातात, पण ‘याहून चांगले का जमणार नाही’ या भागापाशी त्यांचा उत्साह ओसरतो. संशोधक म्हणून तुझे दिवस याच भागात जाणार आहेत. तिथे तुझे मन रमते का, हे तुझे तुलाच ठरवावे लागेल.

याच विषयाची दुसरी शाखा संभाव्यतेवर उभी आहे. तिचा पाया दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याच्या कामात बर्नार्ड कूपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. जून 2009 मध्ये अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे अवशेष एप्रिल 2011 मध्ये सुमारे 3900 मीटर खोलीवर सापडले. त्यापूर्वीच्या अपयशी शोधांनाही माहिती मानून, बेझच्या नियमाने कोणत्या भागाची शक्यता किती हे नव्याने मोजले गेले होते. नोकरीच्या दृष्टीने ही शाखा अधिक फलदायी आहे, कारण संख्याशास्त्र, ड्रोन, गोदामांतील स्वयंचलित वाहने आणि आपत्तीतील बचावकार्य यांच्याशी तिचा थेट संबंध येतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ‘शोधनीतीतज्ज्ञ’ अशा नावाची जाहिरात तुला कुठेही दिसणार नाही, आणि या एकाच विषयावर शुद्ध संशोधन करणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे. ही वस्तुस्थिती वडिलांपासून लपवू नकोस. मात्र अल्गोरिदम, संगणकीय भूमिती आणि संभाव्यता यांचा पक्का पाया असलेल्या व्यक्तीला सॉफ्टवेअर आणि रोबोटिक्स या दोन्ही क्षेत्रांत मागणी असते.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एम.एस्सी. संगणकशास्त्राला गणिताचे पदवीधरही प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतात, आणि तुझ्यासाठी मी तीच पहिली पसंती मानते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये संगणकीय भूमितीची जुनी परंपरा आहे. जॅम परीक्षेतून आयआयटीमध्ये एम.एस्सी. गणित करूनही पुढे संगणकशास्त्राकडे वळता येते. पीएच.डी.चा विचार पक्का झाला, तर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहेच. पात्रतेचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाच. पैशाची चिंता असेल, तर वडिलांना एवढे सांग की सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून पीएच.डी.साठी मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37000 रुपये आहे आणि ती गणितातही मिळते. एम.सी.ए. हा वाईट पर्याय मुळीच नाही, परंतु त्याचा भर उपयोजनावर असतो आणि सिद्धतांची सवय त्यात टिकत नाही.

तोपर्यंत एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा अल्गोरिदमचा एक अभ्यासक्रम पूर्ण कर, आणि पायथन ही संगणकाची भाषा येत नसेल तर ती शिकून भिंतीचा प्रश्न संगणकावर चालवून बघ. त्यानंतर एका चौकातून दोनऐवजी तीन वाटा फुटतात असे समजून कागद-पेन घेऊन बस. दर खेपेला अंतर दीडपट करत तिन्ही वाटा पाळीपाळीने तपासल्यास गुणोत्तर 14.5 च्या पुढे जात नाही, हे स्वतः सिद्ध कर, आणि दीडपटच का, दुप्पट का नाही, याचाही शोध घे. जिथे अडशील तिथली पानेसुद्धा मला पाठव. कोणता अर्ज भरायचा हे ठरवण्याआधी तुझ्या गुणपत्रिकेपेक्षा ती पाने पाहणे मला अधिक उपयोगाचे होईल.