नर्सनं सोशल मीडियावर व्यावसायिक ओळखी वाढवायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहात, आता डायलिसिसकडे जायचंय, पण तिथलं ओळखीचं कुणी नाही. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप तेवढं जमतं, लिंक्डइनचं खातं उघडून दोन वर्षं तसंच पडलंय. वर पेशंटचं काही चुकून बाहेर गेलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. आणि जाता जाता विचारलंय की फोटो युनिफॉर्ममधला लावू की साधा.

फोटोचं शेवटी सांगते. आधी धास्तीचं, कारण ती खरी आहे आणि मी तिच्यातून गेले आहे.

मी जखमांचं काम करते. ड्रेसिंग, बेडसोर (एकाच स्थितीत पडून राहिल्यानं होणारी जखम), स्टोमा (शौच-लघवीसाठी पोटावर केलेली वाट). बऱ्याच वर्षांपूर्वी एक आजोबा माकडहाडावरचा मोठा बेडसोर घेऊन आमच्याकडे आले होते. बरेच आठवडे राहिले. जखम भरत आली आणि ते घरी गेले, त्या संध्याकाळी मी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. नाव नाही, हॉस्पिटल नाही, फोटो नाही. एक निवृत्त शिक्षक, रोज ड्रेसिंगच्या वेळी मला गणित घालणारे, आज आपल्या पायांनी घरी गेले, एवढंच. आणि एक वाक्य असं की जखम घरीच झाली होती, पण घरच्यांना तरी किती बोलणार.

तिसऱ्या दिवशी खाली कॉमेंट आली, "सिस्टर, हे आमचेच बाबा ना?" त्यांच्या सुनेची होती. आधी मला बरं वाटलं. मग तिचा फोन आला. जखम हॉस्पिटलात झाली असं नातेवाइकांत सांगितलं गेलं होतं, आणि माझी पोस्ट नणंदेनं वाचली होती. गणित घालणारे निवृत्त शिक्षक त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातून एकच घरी गेले होते, ओळखायला नाव कशाला लागतं? पोस्ट काढली, पण तिचा स्क्रीनशॉट तोवर त्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरून आला होता. मी स्वतःच मॅट्रनकडे जाऊन सांगितलं. नोकरी गेली नाही, मेमो मिळाला. मेमोचं फार काही वाटलं नाही. त्या सुनेचा फोनवरचा आवाज मात्र अजून आठवतो. नऊ आठवडे ती पेशंटच्या उशाशी बसली होती, आणि तिला गोत्यात आणलं कुणी, तर मी. तेही प्रेमानं लिहून.

अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं २०११ मध्ये नर्स आणि सोशल मीडियावर एक मार्गदर्शिका काढली. त्यात नर्सेसचे नेहमीचे गैरसमज दिले आहेत: ज्याला पाठवलं तोच वाचेल, पुसलं म्हणजे गेलं, आणि नाव न घेता टोपणनाव, खोली नंबर किंवा आजारावरून पेशंटबद्दल बोललं तर चालतं. हे तिन्ही मी एका पोस्टमध्ये करून बसले होते. मार्गदर्शिका मी नंतर वाचली, हे सांगायला नकोच.

त्यानंतर वर्षभर मी काहीच लिहिलं नाही. नुसतं वाचत होते, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. ज्या नर्सेसना तिथे मान होता, ज्यांच्या एका प्रश्नाला वीस-वीस उत्तरं येत होती, त्या पेशंटबद्दल कधी बोलतच नव्हत्या. त्या कामाबद्दल बोलत होत्या. आपली सवय हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला द्यायची. बेड अमुक, वय तमुक, काल हे झालं, आज ते करा. हँडओव्हरमध्ये पेशंट मधोमध असतो आणि असायलाच हवा. बाहेर लिहिताना नेमकं उलटं करायचं. पेशंटला पूर्ण उचलून बाजूला ठेवायचं आणि मागे काय उरतं ते बघायचं. काहीच उरत नसेल, तर ती नुसती गोष्ट होती, घरी आईला सांगायची (नाव न घेता). प्रश्न उरला, तर तो लिहायचा.

माझा पहिला असा प्रश्न ट्रकिओस्टॉमीचा, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेल्या नळीचा होता. डोक्यात एक पेशंट होती, तिच्या मानेला नळीच्या पट्टीखाली जखम झाली होती. तिला बाजूला ठेवलं आणि लिहिलं, "ट्रकिओस्टॉमीची पट्टी आणि नळीची पंखी, दोन्हींखालची त्वचा तुम्ही कशी सांभाळता? पट्टी किती सैल ठेवता?" वय नाही, आजार नाही, 'आज आमच्याकडे' असंही नाही. उत्तरं आली. पंखीखाली, म्हणजे नळीच्या मानेवर टेकणाऱ्या कडेखाली, पातळ फोम ड्रेसिंग, ओलं झालं की लगेच बदलायचं, पट्टीखाली एक बोट जाईल एवढी जागा, दर शिफ्टला पट्टी सोडून मागची मान बघायची. यातलं निम्मं मला माहीत होतं. मान मागून बघायचं मात्र आमच्याकडे कुणी करत नव्हतं. प्रोटोकॉल आणि सीनियरना विचारून ते वॉर्डात सुरू केलं. ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या दोघी आजही माझ्या संपर्कात आहेत. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही.

ओळखी वाढवणं म्हणतात ते एवढंच असतं. आपल्याला हा शब्द ऐकला की कुणाच्या तरी मागे लागणं, आपली टिमकी वाजवणं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि नको वाटतं. मलाही नको वाटतं. चांगला प्रश्न विचारणारी आणि आभार मानून नंतर काय झालं ते कळवणारी बाई लोकांच्या लक्षात राहते. ते 'नंतर कळवणं' फार थोडे जण करतात.

शिवाय आपल्या वॉर्डातल्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवीन बातमी लांबच्या ओळखीतून येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं हे १९७३ मध्येच मांडलं होतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवरच्या अभ्यासात पुन्हा तेच दिसलं: नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडतात त्या ना अगदी जवळच्या, ना अगदी परक्या, अशा मधल्या ओळखी. तुम्हाला डायलिसिसमधल्या तशाच ओळखी हव्यात, आणि त्या तुमच्या वॉर्डात बसून मिळणार नाहीत.

आता कुठे काय. लिंक्डइन २००३ पासून आहे आणि ते नोकरीसाठीच आहे, त्यामुळे डायलिसिसकडे जायचं असेल तर तिथलं पडलेलं खातं आधी झाडून काढा. नावाखालच्या ओळीत नुसतं 'स्टाफ नर्स' लिहू नका, 'मेडिकल वॉर्ड, नऊ वर्षं, डायलिसिस शिकण्यात रस' असं लिहा. शोधणाऱ्याला तुम्ही बऱ्याचदा त्या ओळीवरून सापडता. कुणाला जोडून घ्यायची विनंती पाठवताना दोन ओळींची चिठ्ठी जोडा: तुमचं अमुक लेखन वाचलं, मी त्या कामाकडे येऊ बघतेय. नोकरी पहिल्याच चिठ्ठीत मागू नका. आणखी एक, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा फोटो कुठेही टाकू नका. पास झाल्याच्या आनंदात मुली सर्रास टाकतात, नंबरसकट. तुमच्या नावानं दुसरं कुणी नर्स म्हणून वावरायला तेवढं पुरतं.

फेसबुकचे मोठे नर्सिंग ग्रुप मला फारसे मानवले नाहीत. विनोद, तक्रारी, शुभ सकाळ. पण एखाद्या विषयाला वाहिलेला छोटा ग्रुप मिळाला तर सोडू नका. पूर्वीच्या ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, ठरलेल्या वेळी एकाच हॅशटॅगखाली तासभर गप्पा मारायची पद्धत नर्सेसमध्येही रुजली. ब्रिटनमध्ये टेरेसा चिन या नर्सनं २०१२ मध्ये 'वी नर्सेस' सुरू केलं. त्या एजन्सीच्या नर्स होत्या. आज या वॉर्डात, उद्या त्या, हक्काचे सहकारी नाहीत, त्या एकटेपणातून ही कल्पना निघाली. म्हणजे हे सुरू करणारीही तुमच्या-माझ्यासारखी, ओळखी नसलेलीच होती.

अशा ठिकाणी नुसतं वाचूनही खूप मिळतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं 'प्रेशर अल्सर' (म्हणजे बेडसोर) हा शब्द बदलून 'प्रेशर इंज्युरी' केला आणि जखमेच्या गंभीरपणाच्या पायऱ्या रोमन आकड्यांऐवजी साध्या आकड्यांत लिहायच्या ठरवल्या. मला ते एका परक्या नर्सच्या पोस्टवरून कळलं, वॉर्डात परिपत्रक यायच्या कितीतरी आधी. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, तर काय शिकलो नाही! पालथ्या झोपवलेल्या पेशंटची हनुवटी आणि गाल कसे वाचवायचे, एक हात वर, एक खाली ठेवून डोकं कधी फिरवायचं, मास्कनं आपल्याच नाकावर पडणाऱ्या जखमांचं काय करायचं. पुस्तकं छापून यायला वेळ लागतो, आयसीयूतल्या नर्सेस रात्रीच एकमेकींना सांगत होत्या. अर्थात चुकीचंही तेवढ्याच वेगानं पसरत होतं. म्हणून पोस्टवर वाचलेलं थेट पेशंटवर कधी करायचं नाही. आधी त्याचा आधार मागायचा, मग आपल्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल बघायचा.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं कडक बोलते. २०१६ पासून त्यात दोन्ही टोकांचं एन्क्रिप्शन आहे (वाटेत तिसऱ्या कुणाला मेसेज वाचता येत नाही), म्हणून वॉर्डाच्या ग्रुपवर जखमेचे फोटो टाकायला हरकत नाही असं पुष्कळांना वाटतं. एन्क्रिप्शन वाटेत वाचवतं, पोचल्यावर नाही. फोटो पंधरा जणींच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो, आणि मग कुणाचा तरी मुलगा फोनवर गेम खेळताना तो बघतो. निदान मीडिया गॅलरीत दिसण्याची सेटिंग आजच बंद करा. फोटो घेणंच भाग असेल, तर पेशंटची लेखी संमती आणि हॉस्पिटलनं ठरवून दिलेला मार्ग, एवढंच. पोस्टसाठीच्या फोटोंचीही तीच गत. वाढदिवसाचा केक पुढे आणि मागे फळ्यावर बेड नंबरांसह नावं, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. टाकण्याआधी फोटोची मागची बाजू दोन बोटांनी मोठी करून बघायची सवय लावा.

पेशंट किंवा नातेवाइकाची फ्रेंड रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका. वाईट वाटतं, मान्य. समोर भेटले तर सांगा, "मी कुणालाच घेत नाही, आमचा नियम आहे." 'कुणालाच' म्हटलं की त्यांना लागत नाही.

लिंक्डइनवर नर्स असं लिहिलं की परदेशातल्या नोकऱ्यांचे मेसेज सुरू होतील. काही खरे असतात. खोटे ओळखायचा माझा एकच निकष आहे: पैसे मागितले की संपलं. 'प्रोसेसिंग', 'फाइल', 'सीट राखून ठेवायला', नाव काहीही असो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात खासगी एजन्सींनी कामगाराकडून फी घेऊ नये हेच मूळ तत्त्व आहे. अपवाद ठेवलेत, पण तुमच्या इनबॉक्समधल्या अनोळखी माणसाला तो अपवाद लागू होण्याची शक्यता शून्य धरा. पासपोर्टची प्रतही अशा कुणाला पाठवू नका.

आणि हो, नाइट करून आल्यावर काही लिहू नका. स्टाफ कमी होता, डॉक्टर ओरडले, इन्चार्जनं ऑफ कापला, हे सगळं सकाळी नऊ वाजता फार लिहावंसं वाटतं. झोपा. उठल्यावरही लिहावंसं वाटलं, तर ते तक्रारअर्जात लिहा.

वेळ किती द्यायचा, हेही ठरवून घ्या. मी आठवड्यात दोनदा वीस मिनिटं देते, तीही ऑफच्या दिवशी. पहिला महिना काही लिहू नका, डायलिसिसबद्दल रोजच्या कामातलं लिहिणाऱ्या आठ-दहा जणी शोधून फक्त वाचा. मग पहिला प्रश्न विचारा. उदाहरण हवं असेल तर हे घ्या: "फिस्टुलावर सुई टोचायला शिकताना तुम्ही जागा बदलत जायच्या पद्धतीनं शिकलात की बटनहोलनं? बटनहोल वापरत असाल, तर संसर्ग टाळायला खपली काढण्याआधी आणि नंतर काय करता?" फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं हातात जोडून तयार केलेली रक्तवाहिनी. बटनहोलमध्ये तिच्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचतात, त्यामुळे संसर्गाची भीती जास्त असते. म्हणून या प्रश्नावर अनुभवी माणसं हमखास बोलतात, आणि विचारणारीला अजून काम येत नसलं तरी तिनं अभ्यास केलाय हे त्यांना कळतं. यात पेशंट कुठे आहे बघा. नाही.

राहिला फोटो. साध्या कपड्यातला लावा, चेहरा नीट दिसणारा, मागे कोरी भिंत. युनिफॉर्मचा मोह होतो, पण बऱ्याच हॉस्पिटलांचे त्याबद्दल नियम असतात आणि खिशावरचं नाव नाही तर ओळखपत्र फोटोत येतंच. माझा स्वतःचा फोटो बहिणीच्या लग्नातला आहे, शेजारचे कापून टाकलेला. आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.