अर्क हिरवट का येतो?

भाऊ, धुळ्याच्या उन्हात तांब्याच्या भांड्यातून वाफेनं गवती चहाचा अर्क काढायला बसलात, याचंच कौतुक. हिरवट-निळसर पाणी आलं म्हणजे तांबं कळकलंय. ते पोटात घेऊ नका, ओतून द्या.

भांडं सगळेच चिंच-मिठानं लखलखीत घासतात, पण वाफ थंड होऊन जिच्यातून उतरते ती तांब्याची नळी विसरतात. खरा दोष तिथंच! ओल राहिली की हवेनं आत हिरवी पूड धरते आणि पुढच्या वाफेसोबत उतरते. नळीतून गरम लिंबूपाणी ओता, मग नुसत्या पाण्याची वाफ काढून ते पाणी फेका. काम झालं की नळी उभी टांगून कोरडी करा.

पिवळट, करपट आला तर आच मोठी. भांडं दोन तृतीयांशच भरा.

अर्क काचेतच साठवा, तांब्याच्या भांड्यात रात्रभरही नको.