प्रश्नावली हातात घेण्याआधी

प्रबंधासाठी ठाण्यात नैराश्याची चाचणी घेणार आहेस ना, मग आधी प्रश्नावली मोठ्याने वाचून बघ. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दिसायला सोपं. पण वागळे इस्टेटमधल्या मावशी ‘मला निराश वाटतं’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘कशात जीव रमत नाही’, ‘हातापायातलं बळच गेलंय’ म्हणतात. म्हणून मराठी भाषांतर झालं की दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून घे, मग पाच-सहा जणांना विचार, यातून तुम्हाला काय समजलं? मी ही पायरी घाईत गाळली आणि सगळी माहिती पुन्हा गोळा करावी लागली.

१० किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, ती चाळणी. निदान मुलाखतीतूनच.

आणि नववा प्रश्न. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर ते घरी जाऊन एक्सेलमध्ये भरायचं नाही. तिथेच थांब, बोल, गाईडला फोन कर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, त्या माणसाला एकटं सोडू नकोस. नीतिमत्ता समितीच्या अर्जातच हे लिही. आणि खोली बंद दाराची शोध. सासू शेजारी बसलेली असताना सून या प्रश्नाचं खरं उत्तर देणार नाही.