अमेरिकेत लेकरांच्या समर कॅम्पला कौन्सिलर (लेकरं सांभाळणारा दादा) म्हणून निघालास, तर एवढं ऐक

जे-१ व्हिसा (अशा कामाला लागणारा एक्स्चेंज व्हिसा), त्यासाठीचा डीएस-२०१९ फॉर्म, मुंबईची व्हिसाची मुलाखत, हे तुला पाठवणारी स्पॉन्सर संस्था सांगेल तसं करत जा. वय १८ पूर्ण हवं आणि मुक्काम जास्तीत जास्त ४ महिने. खरी परीक्षा तिथं लेकरांत आहे, राजा.

पहिल्या रात्री एखादं लेकरू उशीत तोंड खुपसून रडणारच. "आईला बोलावतो, घेऊन जाईल" असं कबूल करू नकोस. शेजारी बस, घरच्या कुत्र्याचं नाव विचार, सकाळी झेंडा चढवायला त्यालाच पुढं कर. मात्र एकट्या लेकराला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, दुसऱ्या कौन्सिलरला दिसेल असं बस. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. लेकरूही सुरक्षित, तूही.

आणि काकूंना सांग, शेंगदाण्याची चटणी बॅगेत घालू नका. लातूरकराला तिच्याविना घास उतरत नाही, ठाऊक आहे मला. पण काही लेकरांना शेंगदाण्याची जबर ॲलर्जी असते, जराशी पोटात गेली तरी श्वास कोंडतो. एपिपेन (अशा ॲलर्जीवर तातडीनं टोचायचं इंजेक्शन) कुठं ठेवलंय, कसं टोचायचं, ते पहिल्याच दिवशी नर्सकडून शिकून घे. तळ्यावर गेलात की लाइफगार्ड असला तरी डोकी मोजत राहा.