सोडियम चॅनलचा बिघाड, मग मीठ बंद करायचं का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार, माझ्या लहान भावाला (वय ३४) मे महिन्यात ताप होता, रात्री झोपेत घशातून विचित्र आवाज यायला लागला आणि हलवलं तरी उठेना. आम्हाला वाटलं ऊन लागलं, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. अँजिओग्राफी नॉर्मल आली, पण ईसीजीवरून ब्रुगाडा सिंड्रोम (हृदयातल्या करंटचा आजार) म्हणतात, जीन टेस्टमध्ये एससीएन५ए म्युटेशन निघालं. सोडियमचा प्रॉब्लेम म्हणून आईनं त्याचं मीठ बंद केलंय, पन्हंसुद्धा अळणी! हे बरोबर आहे का? आणि मला पण हे असू शकतं का?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर: आईंना सांगा, पन्ह्यात मीठ घाला. बीपी वगैरेसाठी कोणी कमी करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण या आजाराचा जेवणातल्या मिठाशी संबंध नाही.

एससीएन५ए हा जीन हृदयाच्या पेशीवरचं सोडियम चॅनल बनवतो, म्हणजे एक बारीकसं दार समजा. प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला ते क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतं, करंट पुढे सरकतो आणि दार लगेच बंद. ब्रुगाडात हा करंट कमी पडतो, आणि मग एखाद्या वेळी हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरायला लागतात, रक्त पुढे जात नाही, बहुतेकदा रात्री झोपेत किंवा आराम करताना. गंमत म्हणजे याच जीनमधल्या दुसऱ्या म्युटेशनमुळे दार नीट बंदच होत नाही, तो लाँग क्यूटी टाइप ३ नावाचा वेगळा आजार, त्यात सोडियम चॅनल दाबणारं मेक्सिलेटीन हे औषध चालतं पण ब्रुगाडात त्याच जातीच्या फ्लेकेनाइडनं बिघाड वाढतो. त्यामुळे नुसतं जीनचं नाव वाचून गुगलवरून औषध ठरवू नका.

उन्हापेक्षा ताप जास्त महत्त्वाचा. अंग तापलं की काही म्युटेशनमध्ये हे चॅनल अजून कमी काम करतं, म्हणून घरात थर्मामीटर हवाच, ताप दिसला की लगेच पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांना फोन. भाऊ एकदा बेशुद्ध पडलाय, तेव्हा आयसीडी (ठोका बिघडला की आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र) बसवायचं का हे त्याच्या कार्डिओलॉजिस्टशी आत्ताच बोला, पुढच्या वेळेची वाट बघू नका.

तुमचं म्हणाल तर, म्युटेशन आई किंवा वडिलांकडून आलं असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता ५० टक्के. तेच म्युटेशन तपासून घ्या, आणि ईसीजी काढताना छातीवरचे व्ही१, व्ही२ चे लीड एक-दोन फासळ्या वर लावूनही एक पट्टी काढायला सांगा, नेहमीच्या जागी कधीकधी काहीच दिसत नाही.