नव्या राष्ट्रध्वजाचं डिझाइन पारखायचं कसं? एका शिंप्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा, की एखाद्या देशाला नवा राष्ट्रध्वज हवाय, लोकांकडून हजारो डिझाइन्स आलीत, तर त्यातलं चांगलं कुठलं हे कशावरून ठरवायचं? आणि न्यूझीलंडने एवढा खटाटोप करून शेवटी जुनाच झेंडा का ठेवला?

मी डिझायनर नाही. गोव्यात डिचोलीला माझं शिवणकामाचं दुकान आहे. देवळांचे ध्वज, शिगम्यातल्या (आमच्याकडच्या होळीच्या उत्सवातल्या) रोमटामेळांचे, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणूक-पथकांचे बावटे, पताका, शाळांची निशाणं हे सगळं बाबांच्या काळापासून आमच्याकडे शिवलं जातं. त्यामुळे उत्तर कात्रीच्या बाजूने देतो, पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे मोबाइलवर झेंडा पारखू नका. हे मी अंगाशी आल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या मेळाने पंचविसाव्या वर्षानिमित्त नवा बावटा करायचं ठरवलं. व्हॉट्सअॅपवर सात डिझाइन्स आली आणि परीक्षकांत मीही होतो. जिंकलं ते असं: घोडेमोडणीचा (आमच्या लोकनृत्यातला) घोडा, मागे उगवता सूर्य, केशरीतून लालात विरघळणारा रंग, खाली मंडळाचं नाव आणि साल. स्क्रीनवर काय दिसत होतं म्हणून सांगू! शिवायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की मागच्या बाजूने नाव उलटं येणार. मग दोन पदर केले, मध्ये अस्तर घातलं. सूर्याची किरणं कापून पॅच लावले. बावटा झाला गोधडीइतका जड. मिरवणुकीच्या रात्री वारा नावालाही नव्हता. काठीला ओला टॉवेल टांगावा तसा तो लोंबत राहिला आणि रस्त्याकडेच्या एकाने विचारलं, हा कुठल्या पक्षाचा?

झेंडा आयुष्यातला बराच वेळ लोंबतच असतो. फडकतो तो फोटोत. म्हणून आलेलं डिझाइन आधी लोंबतं बघायचं. कागदावर छापून त्याची उभी चुणी घाला आणि दहा पावलं मागे जा. काय उरलं? तिरंग्याचं केशरी आणि हिरवं चुणीतही उरतं. मधोमध काढलेलं बारीक चित्र पहिलं नाहीसं होतं.

मग पाठ बघायची. हा मुद्दा शिंप्याचा वाटेल, पण आपल्या घटना समितीतही तो निघाला होता. 22 जुलै 1947 ला ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी चरख्याऐवजी चक्र का घेतलं याची जी कारणं दिली, त्यात एक हे होतं: चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला, त्यामुळे झेंड्याच्या मागून तो उलटा दिसतो. चक्र दोन्हीकडून सारखंच. अशोक, सारनाथ, धर्मचक्र हे सगळं खरंच, पण त्या भाषणात ही साधी अडचणही आहे, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्यांना अक्षरं हवीच असतात त्यांना किंमत मोजावी लागते. सौदी अरेबियाच्या झेंड्यावरचा कलमा दोन्ही बाजूंनी सरळ वाचता यावा म्हणून तो दोन झेंडे पाठीला पाठ लावून केल्यासारखा बनवतात. त्यांच्यासाठी ते शब्द म्हणजेच झेंडा आहे, तेव्हा ठीक. उगाच देशाचं नाव लिहिणाऱ्याने मात्र विचार करावा. नाव लिहावं लागतं तेव्हा चिन्हाचं काम झालेलं नसतं.

‘लहान मुलाला आठवणीने काढता आला पाहिजे’ ही कसोटी तुम्ही वाचली असेल. ती मला अर्धीच पटते. बाबा पोर्तुगीज प्राथमिक शाळेत शिकले. त्यांना पोर्तुगालचा झेंडा काढावा लागे. डावीकडे हिरवा, उजवीकडे जास्त रुंद लाल आणि दोहोंच्या सीमेवर तो कड्याकड्यांचा पिवळा गोल, त्यावर ढाल, ढालीत पुन्हा छोट्या ढाली आणि किल्ले. राजेशाही गेल्यावर 1911 साली ठरलेला हा झेंडा. तो गोल त्यांना कधीच जमला नाही, दरवेळी पाटीवर भोपळा यायचा. 1961 नंतर तिरंगा काढायला लागले तर चक्राचे 24 आरेही जमेनात, आठातच आटपायचे. पण गंमत बघा. आठ आऱ्यांचा तिरंगा लगेच ओळखू येत होता, आणि भोपळ्याचा झेंडाही हिरव्या-लाल रंगांमुळे ओळखू येतच होता. म्हणून मी कसोटी अशी लावीन: चुकीचा काढला तरी ओळखू येतो का? दहा मुलांना डिझाइन अर्धा मिनिट दाखवा, दुसऱ्या दिवशी काढायला सांगा, आणि ती चित्रं अकराव्याला दाखवून विचारा, हे सगळे एकच आहेत का.

लांबून दिसण्याचं तर विचारूच नका. कळंगुटच्या किनाऱ्यावर लाल बावटा दिसला की पाण्यात जायचं नाही, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं, कारण त्यात लालशिवाय काही नाही. कॅनडाने 1964 साली नवा झेंडा ठरवताना हे मनावर घेतलं होतं. मेपलच्या पानाची वेगवेगळी रूपं वाऱ्याच्या बोगद्यात फडकवून बघितली, आणि सोसाट्यात सगळ्यात कमी धूसर होणारं 11 टोकांचं पान घेतलं. खऱ्या पानाला टोकं किती, हा प्रश्नच नव्हता. 15 फेब्रुवारी 1965 पासून ते पान तिथे आहे.

रंगांबद्दल ‘दोन-तीनच घ्या’ असं सांगतात. नवशिक्यासाठी ठीक आहे. पण दक्षिण आफ्रिकेचा झेंडा बघा, चांगले सहा रंग आहेत. 1994 च्या निवडणुकीआधी त्यांनीही लोकांकडून डिझाइन्स मागवली होती, सात हजारांवर आली आणि एकही पसंत पडलं नाही. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल यांचं डिझाइन 15 मार्चला मान्य झालं आणि 27 एप्रिलला फडकलंसुद्धा. तात्पुरता म्हणून घेतलेला तो झेंडा आजही तोच आहे. सहा रंग असून तो गोंधळत का नाही? कारण गडद रंग एकमेकांना भिडू दिलेले नाहीत, मध्ये पांढऱ्या किंवा पिवळ्या पट्ट्या सोडल्यात. आमच्याकडे लाल खणाला हिरवा काठ लावताना मध्ये पिवळी किनार घालतात, तेच हे. गडदाला गडद चिकटवला की संध्याकाळी दोन्ही एक होतात. काळा आणि गडद निळा तर साडेसहालाच.

आता न्यूझीलंड. तिथे 10,292 डिझाइन्स आली. 12 जणांच्या मंडळाने 40 निवडली, त्यातून चार. चारातली तीन फर्नच्या पानाची, आणि त्यातली दोन एकाच माणसाची, काइल लॉकवुड यांची, फक्त रंग बदलून. मंडळात एकही डिझायनर नाही अशी टीका आधीच होती, ती वाढली. लोकांनी ओरड केली म्हणून ‘रेड पीक’ नावाचं पाचवं घुसवलं. डिसेंबर 2015 मध्ये पहिलं सार्वमत: पाचातलं कुठलं? लॉकवुड यांचं काळं-पांढरं-निळं जिंकलं. मार्च 2016 मध्ये दुसरं: हे की जुनं? 56.6 टक्क्यांनी जुनंच म्हटलं. दोन्ही मिळून खर्च सुमारे अडीच कोटी न्यूझीलंड डॉलरच्या घरात.

माझं मत विचाराल तर क्रमच उलटा झाला. आधी ‘बदलायचा का’ हे विचारायला हवं होतं. त्यांनी आधी नवरी ठरवली आणि मग विचारलं, लग्न करायचंय का. पण त्यापलीकडचं एक आहे. परीक्षक डिझाइन्स एकमेकांशी तोलत बसतात आणि खरा प्रतिस्पर्धी जुना झेंडा असतो, जो त्या यादीत नसतोच. त्याच्याखाली माणसं लढलेली असतात, शवपेट्यांवर तो घातलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याशी घोळ होतो, कोपऱ्यात ब्रिटनचा झेंडा आहे, हे सगळं मान्य असूनही माणूस म्हणतो, असू दे. फिजीने तर 2015 मध्ये बदलायचं जाहीर केलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बीत सुवर्णपदक मिळाल्यावर बेत सोडून दिला. लोक तोच झेंडा अंगावर घेऊन नाचले, आता कुठल्या तोंडाने बदलायचा? आमच्या मेळानेही दुसऱ्या वर्षी ट्रंकेतून जुना भगवा काढला. कसरीने खाल्लेल्या दोन जागी मी ठिगळ लावलं, बस्स.

चिन्हाचं सोपेपण कितपत कामाला येतं यावर आमच्या घरात कायमचा वाद आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाची खूण फूल होती आणि गोवा वेगळा ठेवण्याची दोन पानं. बाबा फुलवाले. कापडावर फुलं रंगवून त्यांचे हात दुखले, आणि त्यांचं आजही म्हणणं आहे, की पानं कोळशाच्या दोन फटकाऱ्यांत भिंतीवर निघायची, फुलाला पाकळ्या मोजाव्या लागायच्या, तिथेच हरलो. मी म्हणतो, बाबा, 34,021 मतांचा फरक पाकळ्यांनी पडत नाही. ते ऐकत नाहीत.

न्यूझीलंडचं दुसरं सार्वमत झालं त्याच 2016 च्या पावसात धंदा थंड होता, म्हणून उरलेल्या कापडातून मी लॉकवुड यांचं फर्न आणि रेड पीक दोन्ही शिवून बघितली, तीन बाय दोन फुटांची. रेड पीक म्हणजे सरळ तुकडे: डावीकडे काळा, उजवीकडे निळा, खाली लाल त्रिकोण, मध्ये पांढरी शिखराची रेघ. तासाभरात झालं. फर्नची पांढरी पात्यापात्याची कड कापून शिवायला दीड दिवस गेला आणि दोनदा उसवावं लागलं. दोन्ही दुकानासमोर पावसात टांगली. भिजून लोंबल्यावर फर्नचं पान चुणीत गेलं आणि उरलं काळं-निळं फडकं. रेड पीकचं लाल आणि पांढरं रस्त्यापलीकडून दिसत राहिलं. माझ्या सगळ्या कसोट्यांवर ते जिंकलं होतं आणि मी खूश होतो.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. फर्नकडे बोट दाखवून म्हणाले, हे माडाचं चुडत ना? छान आहे. मग रेड पीककडे बराच वेळ बघून विचारलं, आणि ही कौलांची जाहिरात कुणाची?